केमोनंतर दहाव्या दिवशी ताप, एक्स-रे साफ आणि तरीही न्यूमोनिया: असं का होतं, आणि पुढची केमो घ्यायची का?

तुमचं पत्र मोठं आहे. मला समजलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. वडील ६३ वर्षांचे, तीस वर्षं बिडी, शुगर आहे. डाव्या फुफ्फुसाच्या मुळाशी स्क्वेमस प्रकारचा कॅन्सर. दर २१ दिवसांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री ताप १०१.२. पॅरासिटामॉल दिली, उतरला, पहाटे परत चढला. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून छाती साफ असल्याचं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. संध्याकाळी धाप लागली म्हणून शहरात आणलं, तोवर पांढऱ्या पेशी ९०० पर्यंत उतरलेल्या. आठ दिवस ऑक्सिजनवर काढले आणि आता घरी आलेत. तुम्ही विचारताय: आमच्याकडून हयगय झाली का, साफ छातीत न्यूमोनिया आला कुठून, आणि तिसरी केमो घ्यायची की थांबवायची.

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. केमो मी देत नाही, पण केमो चालू असलेल्या पेशंटला ताप आला, धाप लागली की मला बोलावतात, आणि गेली २२ वर्षं हे काम करतोय. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा.

आधी हयगयीचं, कारण तुमच्या पत्रात तोच प्रश्न तीन वेळा आलाय. न्यूमोनिया तुमच्यामुळे झाला नाही. जंतू बहुतेक वेळा पेशंटच्याच तोंडातले, घशातले असतात, बाहेरून कुणी आणून दिलेले नसतात. मात्र ताप आल्यापासून पहिलं सलाईनमधलं अँटिबायोटिक मिळेपर्यंत वीस तास गेले, ते जायला नको होते. याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. केमोच्या खुर्चीवर बसवण्याआधी कुणीतरी थर्मामीटर हातात देऊन हे समजावून सांगायला हवं होतं. मळमळ, केस गळणं, तोंड येणं या गोष्टी सगळे सांगतात. तापाचं सांगितलं जातं, पण सहीच्या कागदांच्या गर्दीत ते वाक्य हरवून जातं.

आता न्यूमोनिया कसा झाला ते. केमो चालू असलेल्या कुठल्याही पेशंटला न्यूमोनिया होऊ शकतो, पण फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्याला आयती जागा मिळते. निरोगी फुफ्फुसात रोज थोडाफार कफ तयार होतो आणि श्वासनळीच्या आतले बारीक केसासारखे तंतू तो सतत वर ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो. बिडीने हे तंतू आधीच निकामी केलेले असतात. त्यात गाठ नळीच्या तोंडाशी बसली की पलीकडच्या भागातला कफ बाहेरच पडत नाही. ज्या विहिरीला उपसा नाही तिचं पाणी सडतं, तसंच हे. स्क्वेमस आणि स्मॉल सेल हे दोन्ही प्रकार बहुधा मधल्या मोठ्या नळ्यांशी होतात, म्हणून त्यांच्यात हा त्रास जास्त. एकाच जागी परत परत न्यूमोनिया होत असेल तर तिथे नळी तुंबलेली आहे असं आम्ही धरून चालतो. कितीतरी जणांचा कॅन्सर मुळात असाच सापडतो. अँटिबायोटिकने ताप जातो, दोन महिन्यांनी त्याच जागी डाग परत दिसतो, आणि मग सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते.

तुंबलेल्या जागेवर पहारा ठेवायचं काम पांढऱ्या पेशींचं, त्यातही न्यूट्रोफिल या पेशींचं. केमो वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना मारते, आणि हाडांच्या मगजात न्यूट्रोफिल सतत तयार होत असल्यामुळे त्यांनाही फटका बसतो. रक्तात आधी तयार असलेला साठा काही दिवस पुरतो, म्हणून पहिल्या आठवड्यात पेशंट बरा वाटतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी तळाला जातात. कार्बोप्लॅटिन असेल तर हा तळ थोडा पुढे, तिसऱ्या आठवड्यापर्यंतही सरकू शकतो. तुमच्या वडिलांचा ताप दहाव्या दिवशी आला, म्हणजे ऐन तळात.

रिपोर्ट पुढ्यात घ्या, एकदा हिशोब करून बघू. टोटल काउंट ९०० लिहिलाय, त्याखाली न्यूट्रोफिल २२ टक्के. ९०० ला २२ ने गुणून १०० ने भागा: १९८. हा आकडा खरा कामाचा, यालाच डॉक्टर एएनसी म्हणतात. १५०० च्या वर असला तर ठीक, १००० च्या खाली काळजी, ५०० च्या खाली धोका. वडिलांचा आकडा जेमतेम २०० होता. पुढच्या वेळी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजल्याचा रिपोर्ट, आला की हा गुणाकार घरीच करा, दोन मिनिटांचं काम आहे. नुसत्या टोटल काउंटवर विसंबू नका.

आणि याच आकड्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एक्स-रेवर न्यूमोनियाचा पांढरा डाग दिसतो तो जंतूंचा नसतो. जंतूंशी लढायला धावून आलेल्या पेशींचा आणि पाझरलेल्या पाण्याचा तो डाग असतो. पिवळा बेडकाही तसाच, पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या पांढऱ्या पेशीच. पेशीच २०० असतील तर पू कशाचा होणार? म्हणून अशा पेशंटला कोरडा खोकला असतो किंवा खोकलाच नसतो, बेडका पडत नाही, स्टेथोस्कोपने विशेष काही ऐकू येत नाही आणि एक्स-रे साफ दिसतो. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे चुकीचा वाचला असं मला वाटत नाही, बहुधा तो खरंच साफ असेल. पण या दिवसांत साफ एक्स-रे न्यूमोनिया नाही असं सांगू शकत नाही. शंका राहिली तर छातीचा सीटी काढावा लागतो, त्यात एक्स-रेत न दिसणारं बरंच काही दिसतं.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती बघून नातेवाईक घाबरतात. औषधं चालू झाली, पेशी परत वाढायला लागल्या की एक्स-रे अचानक जास्त पांढरा दिसतो. एका आजींच्या वेळी त्यांचा मुलगा दोन एक्स-रे घेऊन माझ्याकडे आला. पहिला जवळजवळ काळा, तिसऱ्या दिवशीचा अर्धा पांढरा. "औषध लागू पडत नाही, आम्ही हलवतो." आजी पलंगावर उशीला टेकून दुधात कुस्करलेली भाकरी खात होत्या. ऑक्सिजन सहा लिटरवरून दोनवर आला होता. मी त्याला म्हटलं, फिल्म खाली ठेव आणि आईकडे बघ. पेशी परत आल्या होत्या आणि कामाला लागल्या होत्या, तेच फिल्मवर दिसत होतं. क्वचित या दिवसांत श्वास खरोखरच बिघडतो, म्हणून तेव्हा लक्ष दुप्पट ठेवतो, पण नुसत्या फिल्मवरून निकाल लावत नाही.

आता ताप. सगळ्यात जास्त जीव वाचतात ते इथेच. तोंडात थर्मामीटर धरून एकदाच १०१ आला, किंवा १००.४ च्या वर तासभर टिकला, आणि एएनसी ५०० च्या खाली असेल किंवा जाण्याची शक्यता असेल, तर आम्ही त्याला इमर्जन्सी म्हणतो. घरच्या माणसाने त्याहून सोपा नियम पाळावा: १००.४ दिसला की फोन, आणि १०१ दिसला की गाडी. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. कपाळाला हात लावून "अंग जरा कोमट लागतंय" यावर जाऊ नका, आणि थर्मामीटर लावण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ती ताप उतरवते, जंतू तिथेच राहतात. तुमच्या घरी रात्री हेच झालं.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून एका तासाच्या आत अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. त्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, घेतात, पण कल्चरच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. मोठं हॉस्पिटल तीन तासांवर असेल तर आधी जवळच्या अशा दवाखान्यात जा जिथे सीबीसी होतं आणि शिरेतून औषध देता येतं, पहिला डोस तिथेच द्यायला सांगा, मग पुढे निघा. एका जाड कागदावर लिहून ठेवा: केमोची औषधं, शेवटच्या केमोची तारीख, केमोच्या डॉक्टरांचा नंबर, कशाची अ‍ॅलर्जी, गेल्या तीन महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिक. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत: केमो चालू आहे, पांढऱ्या पेशी कमी असू शकतात. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरच्या हातात हा कागद पडला की अर्धा तास वाचतो. आणि कंबरेत इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका. या दिवसांत प्लेटलेटही कमी असतात, तिथे रक्त साकळू शकतं.

सगळ्यांना ताप येतोच असंही नाही. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, ते ताप झाकू शकतं आणि शुगरही चढवतं. वय झालेल्या पेशंटला कधी ताप न येता नुसती हुडहुडी भरते, कधी तो गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, जेवणावरचं मन उडतं. तेव्हा श्वास मोजा. वडील निवांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. २४ च्या वर गेला तर फोन करा, ३० च्या आसपास असेल तर निघाच. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर बरं असतानाचा त्यांचा नेहमीचा आकडा आजच लिहून ठेवा. बिडी ओढलेल्या माणसाचा तो ९३ सुद्धा असू शकतो. नेहमीच्या आकड्याहून तीन-चारने खाली आला तर ते मनावर घ्या.

एक सावधगिरी माझ्या बाजूच्या लोकांसाठीही. केमोच्या पेशंटला धाप आणि छातीत डाग, म्हणजे न्यूमोनियाच असं नाही. छातीला रेडिएशन झालं असेल तर एक ते सहा महिन्यांनी त्या जागेला सूज येते. इम्युनोथेरपीची औषधं, गोळीच्या रूपातली टार्गेटेड औषधं, जेमसिटाबिन, डोसेटॅक्सेल यांनीही फुफ्फुसाला सूज येऊ शकते, आणि तिथे अँटिबायोटिक नव्हे तर स्टिरॉइड लागतं. अचानक धाप, छातीत टोचल्यासारखं दुखणं आणि एका पायाला सूज असेल तर रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका घ्यावी. कॅन्सरमध्ये, विशेषतः सिस्प्लॅटिन चालू असताना, ते नवल नाही. कधी फुफ्फुसाभोवती पाणी असतं आणि ते काढलं की माणूस तासाभरात मोकळा श्वास घेतो. म्हणून चार दिवस अँटिबायोटिक देऊनही उतार नसेल तर औषध बदलण्याआधी निदान परत तपासावं, हा माझा आग्रह असतो.

आणि टीबी. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे आपल्याकडे तो विसरून चालत नाही. लहानपणी आत गेलेला जंतू केमोच्या काळात डोकं वर काढू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम असेल तर बेडक्याची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करा. पण उलटी चूक आपल्याकडे त्याहून जास्त होते. एक्स-रेवर डाग दिसला, बेडक्यात काहीच सापडलं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या जातात, आणि चार-सहा महिन्यांनी कळतं की तो कॅन्सर होता. ते महिने परत मिळत नाहीत. मला हे अजूनही दर महिन्याला दिसतं आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं. शिवाय टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन हे औषध कॅन्सरच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं. दोन्ही आजार खरंच एकत्र असतील तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोललंच पाहिजे.

घरी काय करायचं, तर बरंच काही. बिडी पूर्ण बंद, आता उपयोग काय असं म्हणू देऊ नका. घरात कुणी चुलीवर किंवा बंबाशी बसत असेल तर वडिलांची खोली धुरापासून लांब ठेवा. तोंडाची स्वच्छता ही फुफ्फुसाचीच काळजी आहे, कारण झोपेत तोंडातलं पाणी थोडंथोडं खाली जातच असतं. मऊ ब्रश, दिवसातून चार वेळा कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा घालून गुळण्या. मिश्री, तंबाखू नाही. दिवसा पलंगावर पडून राहू देऊ नका, खुर्चीत बसवा, अंगणात चार फेऱ्या घाला. स्पायरोमीटर, म्हणजे श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं साधन, दर तासाला जागेपणी आठ-दहा वेळा ओढायला लावा. नेब्युलायझर असेल तर त्याचा मास्क आणि कप रोज धुऊन पूर्ण कोरडा करा, त्यात नळाचं पाणी घालू नका.

खाण्याबद्दल लोक फार घाबरवतात. फळं बंद, भाज्या बंद असं कडक पथ्य पाळल्याने इन्फेक्शन कमी होतं असं दिसून आलेलं नाही. उलट पेशंट वाळतो. घरचं ताजं, गरम जेवण द्या, फळ स्वच्छ धुऊन सोलून द्या, बाहेरची कापलेली फळं, उसाचा रस, उघड्यावरची चटणी टाळा. पेशी वाढाव्यात म्हणून गुळवेल आणि पपईच्या पानांचा रस चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, तो केमो चालू असेपर्यंत थांबवा. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि लिव्हर बिघडलं तर पॅक्लिटॅक्सेलचा डोस गडबडतो.

धूळ आणि बुरशी याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. ओल धरलेली भिंत, जुन्या धान्याची कणगी, बुरसलेला कडबा, शेणखताचा ढीग, घरात चाललेलं फरशीचं काम, या सगळ्यात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते. तुम्हा-आम्हाला ती काही करत नाही. पेशी २०० असलेल्या माणसाला तिचा न्यूमोनिया होऊ शकतो. वडिलांना गोठ्यात जाण्याची ओढ असेल, पण निदान त्या दहा-बारा दिवसांत वैरण काढायला दुसऱ्या कुणालातरी पाठवा.

भेटायला येणाऱ्यांचं अवघड असतं हे मला माहीत आहे. नाही कसं म्हणायचं? डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, माझं नाव पुढे करा. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने फोनवर बोलावं. दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस वडिलांना आणि घरातल्या सगळ्यांना द्या. न्यूमोकॉकल या न्यूमोनियाच्या जंतूवरची लसही घ्यावी. त्या जंतूच्या १३ प्रकारांवरची घेतली तर किमान आठ आठवड्यांनी २३ वाली, आणि २० वाली मिळाली तर ती एकच पुरते. केमोच्या दोन आठवडे आधी लस घेणं उत्तम. ती वेळ गेली असली तरी दोन केमोंच्या मध्ये देता येते, आता कोणता दिवस बरा ते केमोच्या डॉक्टरांना विचारा.

तिसरी केमो. न्यूमोनिया झाला म्हणून केमो कायमची थांबवायची असा नियम नाही. गाठीमुळे नळी तुंबली म्हणून न्यूमोनिया झाला, आणि गाठ लहान झाली तरच नळी मोकळी होणार. पण तारीख आली म्हणून घाईने घेऊही नये. ताप जाऊन काही दिवस झालेले असावेत, ऑक्सिजन सुटलेला, एएनसी १५०० च्या वर, आणि वडील स्वतःच्या पायांनी संडासला जाऊन येतात, दोन वेळ जेवतात, इतकी ताकद हवी. हा शेवटचा मुद्दा मी रक्ताच्या रिपोर्टइतकाच मोलाचा मानतो. आठवडा-दोन आठवडे उशीर झाल्याने उपचार वाया जात नाही.

डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा. डोस थोडा कमी करायचा का. किंवा पेशी वाढवायचं इंजेक्शन, म्हणजे जी-सीएसएफ, केमोनंतर चोवीस तासांनी सुरू करायचं का. एकदा असा ताप येऊन गेल्यावर या दोनपैकी एक गोष्ट सहसा केली जाते. इंजेक्शनने कंबर, हाडं दुखतात, पण ते दोन-तीन दिवसांचं असतं. छातीला रेडिएशन चालू असेल तर मात्र हे इंजेक्शन देताना डॉक्टर हात आखडता घेतात. तिसरं, तुंबलेली नळी मोकळी करता येईल का. दुर्बिणीतून गाठ जाळून किंवा नळी उघडी ठेवणारी छोटी नळी, म्हणजे स्टेंट, टाकून, किंवा थोड्या दिवसांच्या रेडिएशनने ते कधी कधी साधतं. तुमच्या कागदपत्रांत दुर्बिणीचा रिपोर्ट मला दिसला नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. पुढच्या केमोच्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर सातव्या ते चौदाव्या दिवसांना लाल पेनने गोल करा, आणि दहाव्या दिवशी सीबीसी करा.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. पत्राच्या तळाशी, जाता जाता, एक ओळ आहे: महिनाभर बाबांचा आवाज बसलाय, पाणी पिताना ठसका लागतो, पण ते केमोमुळे असेल. मला तसं वाटत नाही. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर जाते, आणि डाव्या फुफ्फुसाच्या मुळाशी असलेली गाठ तिला दाबू शकते. मग डावा स्वरतंतू हलत नाही, गिळताना श्वासनळीचं दार नीट मिटत नाही, आणि पाण्याचे थेंब सरळ श्वासनळीत जातात. म्हणजे जंतूंना रोज वाट उघडी. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, ते दुर्बिणीतून दोन मिनिटांत सांगतील. तोपर्यंत पाणी भांड्याने घटाघट पिऊ देऊ नका. सरळ बसवून, हनुवटी छातीकडे झुकवून, चमच्या-चमच्याने द्या. पातळ चहापेक्षा पेज, नाचणीची आंबील, घट्ट वरण बरं. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आणि तज्ज्ञांनी काय सांगितलं ते केमोच्या डॉक्टरांपर्यंत तिसऱ्या केमोच्या आधी पोचवा.